चौघांची युरोपवारी: काय एकत्र, काय ज्याचं त्याचं

चार मित्रांनी दक्षिण युरोपला जायचं ठरवलं की पहिला वाद शहरांवरून होतो. तो महिनाभर चालू द्या, काही बिघडत नाही. त्याआधी एका कागदावर दोन रकाने पाडा. एकात चौघांचं मिळून काय असेल ते, दुसऱ्यात ज्याचं त्याचं काय ते. बडोद्याहून निघणाऱ्या गटांचे पैसे आणि दिवस जिथे वाया जातात, तिथे बहुतेक वेळा हे दोन रकाने एकमेकांत मिसळलेले असतात.

आकडा चारच ठेवा, हे माझं ठाम मत आहे. टॅक्सीत चार जण बसतात, पाचवा आला की मोठी गाडी शोधावी लागते किंवा दोन कराव्या लागतात. हॉस्टेलात चार खाटांची खोली सहज मिळते, म्हणजे दाराच्या आत सगळे आपलेच. सहा जण असाल तर मनाने तीन-तीनचे दोन गट करून टाका. पाच हा सगळ्यात अडचणीचा आकडा.

उदाहरणाला हा मार्ग घेऊ: लिस्बन ४ रात्री, सेव्हिल ३, ग्रानाडा २, बार्सिलोना ३, नेपल्स ३, रोम ३. एकूण १८ रात्री, ६ शहरं. यात सातवं शहर घालायचा मोह होईल, घालू नका. एक शहर बदलायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच: खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नवीन हॉस्टेलात दुपारी दोन-तीनपर्यंत खाट न मिळणं. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’मध्ये बघा, जाताना लिस्बन, येताना रोमहून. अहमदाबाद आणि मुंबई दोन्हीकडचे भाव काढा, आणि मुंबईच्या भावात बडोदा-मुंबई रेल्वे आणि तिथून विमानतळाची टॅक्सी धरायला विसरू नका.

महिना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्याला बडोद्याच्या मे महिन्याची सवय आहे, म्हणून सेव्हिलचा जुलै सोसेल असं वाटतं. पारा तिथेही चाळिशीच्या पुढे जातो. फरक असा, की इथे आपण भर उन्हात घरात असतो आणि तिथे दिवसभर पायी असतो. जूनअखेर सेव्हिलला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे संध्याकाळचे सहा ही तिथली भर दुपारच. ईस्टरच्या आधीचा आठवडा सेव्हिलमध्ये मिरवणुकांचा असतो. बघायला फार सुंदर, पण खाटांचे भाव तेव्हा कुठल्या कुठे जातात. आणि बडोद्याच्या गटाला वेगळं सांगायला नको, पण तारखा ठरवताना नवरात्र कधी आहे ते आधी बघा. गरबा चुकणार म्हटल्यावर ऐन वेळी एखादा गळतो आणि चौघांचा सगळा हिशेब कोसळतो.

आता व्हिसा. हा पूर्णपणे ज्याचा त्याचा रकाना. गट म्हणून एकत्र फाईल दिली तरी चार अर्ज, चार निर्णय. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. दोन देशांत रात्री सारख्या असल्या तर जिथे आधी उतरणार, तिथे. वरच्या मार्गात पोर्तुगाल ४, स्पेन ८, इटली ६, म्हणून उतरणार लिस्बनला असलो तरी अर्ज स्पेनचा. इथे गटांची नेहमीची चूक होते. चौघांतला एक म्हणतो, मिलानला माझा चुलतभाऊ आहे, मी पुढे पाच दिवस राहतो. झालं, त्याच्या रात्री इटलीत ११ झाल्या आणि त्याचा अर्ज इटलीकडे गेला पाहिजे. तो तिघांच्या स्पेनच्या फाईलला जोडून चालत नाही.

दुसरी चूक दिवसांच्या मोजणीची. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. १८ रात्री म्हणजे १९ दिवस. रात्री ११:५० ला सीमा ओलांडली तरी तो अख्खा दिवस मोजला जातो. पासपोर्टवरच्या स्टिकरवर तारखांच्या खाली दिवसांचा वेगळा आकडा असतो. व्हिसा हातात आला की आधी तो आकडा, मग नावाचं स्पेलिंग, मग पासपोर्ट क्रमांक, या क्रमाने चौघांनी एकमेकांचा तपासा. स्वतःचा स्वतः तपासताना डोळा चुकतो.

तिसरी गोष्ट हॉस्टेलच्या बुकिंगची. एकाने चार खाटा घेतल्या की पावतीवर एकाचंच नाव येतं, बाकी तिघांच्या फाईलमध्ये मुक्कामाचा पुरावाच उरत नाही. हॉस्टेलला मेल करून चारही नावं आणि पासपोर्ट क्रमांक असलेलं पत्र मागवा, बहुतेक जण देतात. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. विमा प्रत्येकाचा स्वतंत्र, निदान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि परतीच्या तारखेपुढे थोडे दिवस जास्त घेतलेला. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, तिथून निघाल्यावर पुढे निदान ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फी मोठ्यांना ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत नाही. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात आणि १५ दिवस आधीपर्यंतच. बायोमेट्रिकसाठी अहमदाबाद किंवा मुंबईची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, त्यामुळे आधी जाऊन आलेल्याची आणि नवख्याची प्रक्रिया सारखी नसते. एमएस युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांनी बोनाफाईड आणि रजेचं पत्र, दोन्ही घ्यावीत. खर्च वडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरण लागतं. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती लगेच डोळ्यात येते.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर ईईएस (एंट्री/एक्झिट सिस्टिम) ही येण्या-जाण्याची नवी नोंदपद्धत टप्प्याटप्प्याने आली. चेहऱ्याचा फोटो तिथेच घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे पडताळतात, पहिल्या वेळी रांग वाढते. इमिग्रेशन होतं ते पहिल्या शेंगेन विमानतळावर. म्हणजे विमान फ्रँकफर्टला बदलत असाल तर फ्रँकफर्टलाच. दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा.

सॅकबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दंड इथे बसतो. दुकानात ४० लिटरची सॅक घ्यायला सांगतात. पाठीला ती ठीक आहे. पण बार्सिलोना ते नेपल्स तुम्ही स्वस्त विमानाने जाणार, आणि अशा विमानात फुकट जाते ती फक्त सीटखाली मावेल एवढी बॅग. बऱ्याच कंपन्यांचं माप ४० × ३० × २० सेंटिमीटर असतं. गुणाकार करा: २४ लिटर. चाळीस लिटरची भरलेली सॅक त्यात बसणारच नाही, आणि गेटवर पकडली गेली तर तिकिटापेक्षा जास्त पैसे तिथे मोजावे लागू शकतात.

यावर गटाला एक सोय आहे, एकट्याला नाही. चौघांनी मिळून एक घडी होणारी डफल बॅग घ्या, रिकामी असताना ती मुठीत मावते. त्या एका विमानापुरतं २० किलोचं एकच चेक-इन सामान विकत घ्या. चौघांच्या सॅका साडेसात किलोच्या धरल्या तर ३० किलो होतात. त्यातलं १९-२० किलो डफलमध्ये गेलं की प्रत्येकाकडे अडीच किलोच्या आसपास उरतं आणि सॅक पट्टे ओढून चपटी होते. मात्र त्यासाठी सॅकच्या पाठीत लोखंडी किंवा ताठ प्लॅस्टिकची चौकट नसावी, आणि पाठीची लांबीही ४० सेंटिमीटरवर दुमडता आली पाहिजे. घरीच तपासून बघा: किराण्याच्या दुकानातून एक खोका आणा, ४० × ३० × २० चा कापून चिकटवा, आणि रिकामी होत आलेली सॅक त्यात कोंबा. झाकण न फुगता बंद झालं तर विमानतळावरही बसेल. पॉवर बँक डफलमध्ये टाकू नका, ती नेहमी हातातल्या सामानातच. आणि अशा कंपन्यांत ऑनलाइन चेक-इन झालं असलं तरी बिगर-युरोपीय पासपोर्टवाल्यांचे कागद कधी कधी काउंटरवर तपासावे लागतात. नियम वाचून लवकर पोहोचा.

कपडे: अंगावरचे धरून चार टी-शर्ट, दोन पँटी, पाच जोड अंतर्वस्त्रं-मोजे, एक पातळ वाऱ्याचं जाकीट. जीन्स एकच किंवा शून्य, ती दोन दिवस वाळत नाही. रोम-व्हॅटिकनच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून एक ओढणी किंवा पंचा गटात असू द्या. बूट रबरी तळाचे आणि निदान महिनाभर वापरलेले. लिस्बनचे फुटपाथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. पायांनी घासून ते तुळतुळीत झालेत आणि पाऊस पडला की उतारावर माणूस सरळ बसतोच. चाकाची बॅग तर तिथे दोन दिवसांत खुळखुळा होते.

एकत्र रकान्यात जाणारं सामान: चार-पाच खाचांचा एकच यूएसबी चार्जर, औषधांचा डबा, कपडे वाळवायला दोरी, साबणाची वडी, नेलकटर, एक काटा-चमचा-सुरीचा संच (सुरी डफलमध्ये). आपला दोन गोल पिनांचा चार्जर पोर्तुगाल-स्पेनमध्येच काय, इटलीतही बसतो. तीन पिनांचा बसत नाही. हॉस्टेलच्या लॉकरला कुलूप मात्र ज्याचं त्याने न्यायचं, आणि ते बारीक दांडीचं असू द्या. जाड दांडी बऱ्याच कड्यांत शिरत नाही.

घरून खाकरे, भाकरवडी, चिवडा, सुकी चटणी न्या. पेढे, बर्फी, तूप, पनीर नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत. आंबेही नाहीत आणि ताजा कढीपत्ताही नाही. आईने कितीही प्रेमाने बांधून दिलं तरी मिठाई काढून ठेवायची.

प्रवासाचं ठोक गणित असं. लिस्बन ते सेव्हिल थेट रेल्वे नाही, बस साधारण सहा-सात तास घेते, आणि स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं. हा तास विसरला की सेव्हिलच्या हॉस्टेलचं रिसेप्शन बंद झालेलं सापडतं. स्पेनच्या जलद गाड्यांना स्टेशनवर सामान स्कॅन होतं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फलाटाचं दार बंद होतं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. तिकिटं दोन महिने आधी घेतली तर स्वस्त. अशा चार-पाच प्रवासांसाठी युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) परवडत नाही, कारण पास असूनही जलद गाडीत जागेचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं. नेपल्स-रोम जलद गाडीने सव्वा तासाच्या आत होतं, साध्या गाडीने अडीच-तीन तास, पण पैसे बरेच कमी. साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारा. तारीख छापलेली असली तरी शिक्का नसलेल्या तिकिटाला दंड आहे. इटलीत रेल्वेचा संप जाहीर करून होतो, त्याला ‘शोपेरो’ म्हणतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात, तेव्हाची पकडा.

शहरातल्या तिकिटांत पुन्हा आपले दोन रकाने. लिस्बनला ज्याचं त्याचं कार्ड लागतं. रोमला फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण एका कार्डवर चौघे नाहीत. बार्सिलोनाचं १० फेऱ्यांचं ‘टी-कॅझुअल’ एकाच माणसाचं आहे, ‘टी-फॅमिलियार’ मात्र ८ फेऱ्यांचं आणि अनेकांनी मिळून वापरायचं. चौघे दोनदा गेले की संपलं, हिशेब चोख. ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्याचं तिकीट नावाचं आणि पासपोर्ट क्रमांकाचं असतं. नासरी महालांची वेळ त्यावर छापलेली असते आणि ती चुकली तर तेवढा भाग बघता येत नाही. हेनेरालिफे या बागेच्या फाटकातून महालांपर्यंत चालत १५-२० मिनिटं लागतात हे धरूनच आत शिरा, आणि पासपोर्ट मूळ न्या. हे तिकीट सगळ्यात आधी काढा, विमानाच्या पाठोपाठ. कोलोसियम आणि पॉम्पेईही नावावर आहेत. बार्सिलोनाच्या सगराडा फामिलिया चर्चला वेळेचं ऑनलाइन तिकीट. विद्यार्थी किंवा २५ च्या आतल्यांना सवलत असं फलकावर दिसलं तर खालची ओळ वाचा, बऱ्याच ठिकाणी ती युरोपीय पासपोर्टवाल्यांनाच असते.

पैशांसाठी एक थैली करा. सुरुवातीला प्रत्येकी १०० युरो, म्हणजे ४००. त्यातून किराणा, हॉस्टेलचा पर्यटक कर (तो दर माणशी दर रात्रीचा असतो आणि बऱ्याचदा रोख मागतात), टॅक्सी आणि धुलाई. तिकिटं, खरेदी, दारू, स्वतःची कॉफी ज्याची त्याची. थैली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे, हे दोन्ही एका माणसाकडे नको. शंभर उरले की पुन्हा सारखी भर. धुलाईच्या दुकानात आठ किलोच्या एका यंत्रात चौघांचे कपडे निघतात, त्याला नाणी लागतात म्हणून एक-दोन युरोची नाणी बाजूला टाकत जा. एटीएमवर किंवा दुकानात यंत्र ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारतं. नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की त्यांचा दर लागतो, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. एटीएम बँकेच्या भिंतीतलं वापरा, पर्यटकांच्या गल्लीत सुटं उभं असलेलं नको.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्या. स्पेनमध्ये ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या डोक्यात मटण-गोमांस. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तरी हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे किंवा ट्यूना मासा येऊ शकतो. ‘सँडविच वेहेताल’ असं नाव असलेल्यात ट्यूना आणि अंडं सर्रास असतं. सेव्हिलला सालमोरेहो हे गार टोमॅटो सूप अप्रतिम असतं, त्यावर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात, म्हणून ‘सिन हामोन, सिन ह्वेवो’ (हॅम नको, अंडं नको) असं आधीच सांगा. तिथेच ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवा: पालक आणि काबुली चणे, जिरं-लसूण घालून, बडोद्याच्या जिभेला लगेच आपलं वाटेल. ‘पान कोन टोमाटे’, म्हणजे टोमॅटो लावलेला पाव, सकाळी सगळीकडे मिळतो. पोर्तुगालच्या काल्दो वेर्द या पालेभाजीच्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा असतो, ‘सोपा द लेगुमेश’ (भाज्यांचं सूप) बरं. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा नावावरून मासळीचा वाटतो, पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं, चीजसुद्धा नाही. लसूण न खाणाऱ्यांनी ‘सेंत्सा आल्यो’ म्हणावं. पार्मेझान चीजला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारं द्रव्य) लागतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी पास्त्यावर ते घालू देऊ नये.

स्पेनमध्ये चार ते आठ स्वयंपाकघरं बंद असतात. दुपारी दोननंतरचं ‘मेनू देल दिया’ (त्या दिवसाचं ठरलेलं ताट) हे दिवसाचं मुख्य जेवण करा आणि रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी लावा. चौघांना तांदूळ अर्धा किलोला थोडे कमी, लाल मसूर पाव किलो, पाणी दुप्पटीहून जास्त. मसूर सुपरमार्केटात मिळते, मुगाची डाळ सहसा नाही. हळद-हिंग-जिरं घरून छोट्या पुड्यांत. इटलीत भाजी-फळं घेताना आधी प्लॅस्टिकचा हातमोजा चढवायचा, पिशवीत भरायचं, फळाच्या पाटीवरचा आकडा काट्यावर दाबायचा आणि निघालेलं लेबल चिकटवायचं. बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधल्यासारखं दाबून-चाचपून बघितलं तर लोक बघतात, आणि लेबल विसरलं तर कॅशियर रांगेतून परत पाठवतो.

रोमला पाणी विकत घेऊ नका. रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे बुटके खांब आहेत, त्यांना ‘नासोने’ म्हणजे मोठं नाक म्हणतात, शहरात दोन हजारांहून जास्त. वाकडी तोटी सारखी वाहत असते. तोटीच्या वरच्या बाजूला बारीक भोक असतं: खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते आणि न वाकता पिता येतं. आधी बाटली भरून घ्या, मग बोट दाबा, नाहीतर शेजारच्याचा शर्ट भिजतो.

पाकीटमार मेट्रोच्या दारात काम करतात. दार बंद व्हायच्या क्षणी पुढचा थांबतो, मागचा ढकलतो, आणि मधल्याचा फोन जातो. लिस्बनची २८ नंबरची ट्राम, बार्सिलोनाचा रांबला रस्ता, रोमची ६४ नंबरची बस ही यासाठी ठरलेली ठिकाणं. गर्दीत सॅक पोटावर, आणि चौघांनी एकाच दारातून न चढता दोन-दोन व्हा. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाच्या प्रती चौघांच्या फोनमध्ये चौघांच्याही असू द्या. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांचा लेखी दाखला, मग भारतीय दूतावास. सगळीकडचा आणीबाणीचा नंबर ११२.

शेवटच्या दिवशी रोमच्या जुन्या तटबंदीच्या आतून फ्युमिचिनो विमानतळापर्यंत टॅक्सीचा दर ठरलेला आहे, सध्या ५५ युरो गाडीचे. टर्मिनी या मुख्य स्टेशनहून जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस गाडी माणशी १४, चौघांची ५६. हॉस्टेलच्या दारातून टॅक्सीच घ्या, सॅका टर्मिनीपर्यंत वाहायला नकोत. पहाटेचं विमान नसेल आणि हॉस्टेल त्रास्तेवेरेच्या बाजूला असेल तर एफएल१ ही लोकल माणशी ८ युरोंत नेते. निघायच्या आधी थैली उलटी करा. नोटा सारख्या वाटून घ्या, बडोद्यात त्या बदलून मिळतात. नाणी कोणी घेत नाही, त्यांची चौघांची कॉफी होते. काउंटरशी उभं राहून प्या, टेबलावर बसलं की दर वेगळा लागतो.